घराची तपासणी, तक्रार आणि लवाद

(पंचायत सदस्य, शिक्षक व कनिष्ठ अभियंते यांच्या एका प्रशिक्षण वर्गात एका निवृत्त कार्यकारी अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात शंका आली असेल की, घराची तपासणी करवून घेणे ही मोठ्या शहरातील सदनिकाधारकांची बाब. तिचा पंचायतीशी आणि शाळेशी संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढतो आहे. १९७० ते १९९० या काळात बांधलेल्या सिमेंट काँक्रीटच्या इमारती आता तालुक्याच्या गावांतूनही वयस्क झाल्या आहेत. शिक्षकांच्या गृहनिर्माण संस्था, पतसंस्थांची कार्यालये, बाजार समितीचे गाळे यांच्या छताखाली माणसे बसतात, झोपतात, मुले अभ्यास करतात. ते छत उभे राहील की नाही हे सांगण्यासाठी आपण एका तज्ज्ञाला बोलावतो, त्याला शुल्क देतो आणि त्याच्या कागदावर विश्वास टाकतो. तो कागद चुकीचा निघाला तर काय, हा आजचा प्रश्न आहे.

अमेरिकेत या तज्ज्ञाचा एक स्वतंत्र व्यवसायच आहे. तिकडे जुने घर विकत घेणारा मनुष्य सौदा पक्का होण्यापूर्वी ‘होम इन्स्पेक्टर’ नेमतो. हा तपासनीस दोन-तीन तास घरातून फिरतो, छप्पर, पाया, नळ, वीज, भट्टी पाहतो आणि लेखी अहवाल देतो. तो भिंत फोडून पाहत नाही. डोळ्यांना दिसेल तेवढेच पाहतो. या व्यावसायिकांची एक प्रमुख संघटना १९७६ साली स्थापन झाली आणि तपासणीत काय पाहावे, काय पाहण्याचे बंधन नाही, याचे मानदंड तिने ठरविले. काही राज्यांत या व्यवसायाला परवाना लागतो. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात तो लागत नाही, मात्र तपासनिसाने किती काळजी घेतली पाहिजे हे तेथील कायद्याने सांगून ठेवले आहे. तपासनिसाच्या छापील करारात बहुधा दोन कलमे असतात. तंटा झाल्यास तो न्यायालयात न नेता लवादापुढे न्यावा, हे एक. तपासनिसाची जबाबदारी त्याच्या शुल्काएवढीच राहील, हे दुसरे.

या दुसऱ्या कलमाची गंमत पाहा. न्यू जर्सी राज्यातील एका प्रकरणात तपासणीचे शुल्क ३८५ डॉलर होते आणि करारान्वये तपासनिसाची कमाल जबाबदारी त्याच्या निम्मी, म्हणजे १९२ डॉलर ५० सेंट एवढीच होती. छपराच्या दोषामुळे गळती झाली आणि दुरुस्तीचा अंदाज हजारो डॉलरांत गेला. २००४ साली तेथील अपील न्यायालयाने ते कलम अमान्य केले. ज्या कामासाठी तज्ज्ञाला नेमले, त्याच कामातील चुकीपासून त्याला जवळजवळ मोकळे करणारा करार लोकहिताशी विसंगत आहे, असा त्या निकालाचा आशय होता. कॅलिफोर्नियाने तर जबाबदारी अहवालाच्या किमतीपुरती मर्यादित करणारे कलम कायद्यानेच रद्दबातल ठरविले आहे. यातून ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, लवादाचे कलम ही एक गोष्ट आणि जबाबदारी झटकण्याचे कलम ही सर्वस्वी निराळी गोष्ट. छापील कागदात ही दोन्ही एकमेकांच्या शेजारी बसलेली असतात, म्हणून लोक लवादालाच दोष देतात.

आपल्याकडील तपासणी

आपल्याकडे हाच मनुष्य ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ करणारा संरचना अभियंता या नात्याने भेटतो. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमान्वये ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करवून घेणे मालकावर किंवा संस्थेवर बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची ३ वर्षांतून एकदा तपासणी व्हावयास हवी. मुंबईत या अहवालावरून इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडावयाची. सी-२अ म्हणजे अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची. सी-२ब म्हणजे रहिवासी न हलविता दुरुस्तीची. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. एका अक्षर-अंकावर कुटुंबांचे बिऱ्हाड अवलंबून असते. मालकाचा अभियंता सी-१ म्हणतो, भाडेकरूंचा अभियंता सी-२ब म्हणतो, असे वारंवार घडते. अशा वेळी दोन्ही अहवाल महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. ही समिती इमारतीची अवस्था ठरविते. परंतु ज्याने चुकीचा अहवाल दिला त्याने आपल्या ग्राहकास काय भरून द्यावे, हा प्रश्न ती सोडवीत नाही. तो प्रश्न ग्राहक आणि तपासनीस या दोघांमधला, त्यांच्या करारातला आहे. लवादाचे क्षेत्र तेथे सुरू होते.

जिल्हा परिषदेच्या शाळाखोलीची बाब मात्र वेगळी. खोली धोकादायक ठरवून तिचे निर्लेखन करावयाचे की नाही, हे जेव्हा शासकीय अभियंता सांगतो, तेव्हा तो आपल्या पदाचे कर्तव्य करीत असतो. मुख्याध्यापकांशी त्याचा करार नसतो. तेथे लवाद नाही. वरिष्ठांकडे लेखी मागणी करून फेरतपासणी करवून घेणे हाच मार्ग, आणि तोवर मुलांना त्या खोलीत बसवू नये.

एक हकिकत

आता एक प्रकरण सांगतो. लवादाच्या कामकाजाविषयी गोपनीयता पाळण्याचे कलम आपल्या कायद्यात २०१९ साली आले. ही हकिकत त्यापूर्वीची आहे. तरीही गावाचे व माणसांचे नाव मी घेणार नाही.

तालुक्याच्या एका गावी १६ सदनिकांची, तीन मजली आणि ३१ वर्षांची इमारत होती. सभासद बहुतेक शिक्षक. संस्थेने एका सल्लागार अभियंत्याला तपासणीचे काम ४०,००० रुपयांना दिले व निम्मी रक्कम आगाऊ दिली. डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल आला. इमारतीची स्थिती समाधानकारक असून गिलाव्याची किरकोळ दुरुस्ती करावी, असा त्याचा सारांश होता. पुढच्या पावसाळ्यात, पहाटेच्या वेळी, तिसऱ्या मजल्यावरील एका खोलीच्या स्लॅबचा खालचा थर सुटून कोसळला. खाली मुलाचे अभ्यासाचे टेबल होते. मुलगा त्या रात्री आजोळी होता, म्हणून एवढ्यावर निभावले. वर पाहिले तो गंजून पोपडे धरलेल्या सळया उघड्या पडलेल्या.

संस्थेने उरलेले शुल्क थांबविले, दिलेले २०,००० रुपये परत मागितले आणि दुरुस्तीचा ३,८०,००० रुपयांचा खर्चही मागितला. अभियंत्याने आपले राहिलेले २०,००० रुपये मागितले. नेमणूकपत्रात लवादाचे कलम होते. परंतु त्यात लवाद म्हणून नाव होते ते त्या अभियंत्याच्याच संस्थेतील ज्येष्ठ भागीदाराचे! सभासदांचा संताप या कलमावर अधिक होता, आणि तो योग्यच होता. २०१५ च्या दुरुस्तीने लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ च्या १२ व्या कलमात स्पष्ट तरतूद झाली आहे की, ज्याचा पक्षकाराशी व्यावसायिक संबंध आहे असा मनुष्य लवाद होण्यास अपात्र आहे. तंटा उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तरच ही अपात्रता दूर होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, आणि घटनापीठाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सार्वजनिक संस्थांच्या करारांसंबंधी, एका पक्षाने एकतर्फी लवाद नेमण्याच्या पद्धतीला नकार दिला. ग्रामपंचायतीच्या किंवा बाजार समितीच्या करारनाम्यात ‘सभापती नेमतील तो लवाद’ असे वाक्य असेल, तर त्याचा आजच पुनर्विचार करावा. त्या अभियंत्याविषयी एवढे सांगितले पाहिजे की, हरकत येताच त्याने हट्ट धरला नाही. धरला असता तर संस्थेला ११ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जावे लागले असते. दोघांनी मिळून माझे नाव सुचविले.

पहिली बैठक मी त्या इमारतीतच घेतली. वकिलांचे युक्तिवाद नंतर ऐकता येतात. उघड्या सळया पुढच्या पावसापर्यंत तशाच राहत नाहीत. दोन्ही पक्षांसमक्ष मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली आणि मगच टेकू लावून दुरुस्ती सुरू करण्यास मोकळीक दिली. लवाद हा दिवाणी प्रक्रिया संहितेने आणि पुराव्याच्या कायद्याने बांधलेला नसतो. जरूर वाटल्यास तो स्वतः तज्ज्ञ नेमू शकतो. बांधकामाच्या तंट्यात या सवलतीचे मोल फार आहे. न्यायालयातील तारखेची वाट पाहत दुरुस्ती थांबली की राहणाऱ्याचा जीव धोक्यात, आणि दुरुस्ती केली की पुरावा नाहीसा, अशा पेचात अनेक लोक मी पाहिले आहेत.

मग कागद मागविले. अभियंत्याच्या मूळ दरपत्रकाचे दोन भाग होते. डोळ्यांनी पाहून करावयाची तपासणी ४०,००० रुपये. आणि रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, गाभा काढून केलेली ताकदीची परीक्षा व सळयांच्या गंजाची चाचणी यांसाठी आणखी ६५,००० रुपये. संस्थेच्या समितीच्या इतिवृत्तात एक ओळ सापडली : ‘चाचण्यांचा खर्च तूर्त वगळावा.’ ही ओळ सर्वसाधारण सभेला कधी वाचून दाखविली गेली नव्हती. ज्या सभासदाच्या खोलीत स्लॅब पडला, त्याने ती प्रथम माझ्यासमोर ऐकली. त्या क्षणी त्या खोलीतला संताप अभियंत्याकडून समितीकडे वळला, हे मी पाहिले.

तथापि अभियंताही निर्दोष नव्हता. त्याच्या छायाचित्रांत १४ सदनिका होत्या. तिसऱ्या मजल्यावरील दोन सदनिका त्या दिवशी कुलूपबंद होत्या, आणि स्लॅब पडला तो त्यांतल्याच एकीत. कुलूप असणे हा दोष नव्हे. ‘या दोन सदनिका पाहता आल्या नाहीत’ हे वाक्य अहवालात न लिहिणे हा दोष होय. चाचण्या वगळल्यामुळे आतील सळयांविषयी मत देता येत नाही, हेही त्याने लिहावयास हवे होते. ते न लिहिता त्याने संपूर्ण इमारतीला ‘समाधानकारक’ हा शब्द बहाल केला.

आता भरपाई किती? येथे बहुतेकांची चूक होते. सळया काही डिसेंबर ते जून एवढ्यात गंजल्या नव्हत्या. ते वर्षानुवर्षांच्या ओलीचे काम होते. अभियंत्याने खरे सांगितले असते तरी दुरुस्तीचा खर्च संस्थेला करावाच लागला असता. म्हणून ३,८०,००० रुपयांचा मूळ दुरुस्तीखर्च त्याच्या माथी मारता येत नव्हता. करार अधिनियमाच्या ७३ व्या कलमाप्रमाणे भरपाई मिळते ती करारभंगामुळे झालेल्या हानीची. न सांगितल्यामुळे जे अधिक झाले तेवढेच त्याचे : पावसात तातडीने लावावे लागलेले टेकू, मोडलेले सामान, घाईच्या कामाचा चढा दर. ते सारे ५४,००० रुपये भरले. अमेरिकेतील खरेदीदाराची स्थिती येथे वेगळी असते. त्याला दोष आधी कळता तर त्याने घराची किंमत पाडून मागितली असती किंवा घर घेतलेच नसते. म्हणून त्याची हानी मोठी. आपल्या संस्थेचे घर तर तिचेच होते. उरलेल्या शुल्काबाबत मी १६ सदनिकांच्या हिशेबाने न पाहिलेल्या दोन सदनिकांचे ५,००० रुपये वजा करून १५,००० रुपये अभियंत्यास देय ठरविले. वजावाट होऊन त्याने संस्थेला ३९,००० रुपये द्यावेत, असा निवाडा जानेवारी २०१८ मध्ये कारणांसह लिहून दिला. दोन्ही बाजूंची कैफियत पूर्ण झाल्यापासून त्याला चार महिने लागले.

कोणीही खूश झाले नाही. एका ज्येष्ठ गुरुजींनी मला तोंडावर सांगितले, ‘साहेब, आमचा विद्यार्थी असता तर आम्ही त्याला नापास केले असते.’ मी म्हणालो, ‘गुरुजी, प्रश्नपत्रिकेतील निम्मे प्रश्न आपल्या समितीनेच काढून टाकले होते.’ निवाड्याविरुद्ध ३४ व्या कलमाखाली न्यायालयात जाण्यास ३ महिन्यांची मुदत असते व पुरेशा कारणासाठी आणखी ३० दिवस मिळू शकतात. तीत पुरावा पुन्हा तोलला जात नाही. पक्षपात, संधी नाकारणे, लोकनीतीचा भंग अशी मोजकी कारणेच चालतात. दोघांपैकी कोणी गेले नाही आणि पैसे दिले गेले. न दिले तर असा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येतो.

लवाद कोठे योग्य नाही

ही हकिकत ऐकून प्रत्येक तंटा लवादाकडे न्यावा असे आपणांस वाटले, तर मी चुकीचा सल्ला दिला असे होईल. खर्चाचा विचार करा. अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतील नमुना दर ५ लाखांपर्यंतच्या तंट्याला ४५,००० रुपये आहे, आणि एकच लवाद असेल तर त्यावर २५ टक्के अधिक, म्हणजे ५६,२५० रुपये. साठ हजारांच्या तंट्यासाठी छप्पन्न हजारांचा पंच बसविणे हा व्यवहार नव्हे. वर सांगितलेल्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी मिळून मला २०,००० रुपये दिले, ते मी निवृत्त असल्यामुळे पुरले. नेहमीच असा निवृत्त मनुष्य सापडेल, असे नाही.

लहान रकमेच्या तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तेथे शुल्क नाही. मात्र तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. करारात लवादाचे कलम आहे एवढ्यावरून ग्राहकाचा हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. छापील कलम दाखवून कोणी आपणांस आयोगाच्या दारातून परत पाठवू लागला, तर हे ध्यानात ठेवा. नव्या गृहप्रकल्पातील सदनिकेत ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन स्थावर संपदा अधिनियमाच्या १४ व्या कलमाने प्रवर्तकावर घातले आहे. त्यासाठी महारेराकडे जावे. तेथे २०१८ पासून समेटाचे मंचही आहेत, आणि त्यांत ग्राहक संघटनेचा एक व विकासकांच्या संघटनेचा एक असे दोन समेटकार शेजारी बसतात. दोन्ही बाजूंचे पंच एका बैठकीत बसविण्याची ही रीत आपल्या जुन्या गोतसभेच्या जवळची आहे.

त्या काळी पंचांपुढे जाताना वादी-प्रतिवादी आपापली तक्रीर लिहून देत आणि पंचांचा निर्णय मान्य करू असा ‘राजीनामा’ लिहून देत. राजीनामा म्हणजे राजीखुशीचा कागद. नोकरी सोडण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. मुंबई इलाख्यात १८२७ च्या सातव्या रेग्युलेशनने दिवाणी तंट्यांतील लवादाला कायद्याचे रूप दिले. लवादाचा प्राण तेव्हाही आणि आजही त्या राजीखुशीतच आहे. अधिनियमाचे ७ वे कलम तिला लेखी स्वरूपात मागते, इतकेच.

गावातील तंटामुक्त समितीचे सदस्य येथे पुष्कळ आहेत. १५ ऑगस्ट २००७ पासून त्या मोहिमेत गवंडी आणि घरमालक यांचे कितीतरी वाद समोपचाराने मिटले असतील. परंतु समितीपुढील तडजोड हा लवादाचा निवाडा नव्हे. उद्या एक पक्ष फिरला तर तो कागद हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही. म्हणून तडजोड झाली की तालुका विधी सेवा समितीमार्फत ती लोकअदालतीत ठेवावी. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्याच्या तोलाचा असतो व त्यावर अपील नाही.

तपासनीस नेमताना काय लिहावे, हे मला अनेकजण विचारतात. पत्र एका पानाचे पुरे. कोणते भाग पाहावयाचे, कोणत्या चाचण्या करावयाच्या आणि कोणत्या खर्चास्तव वगळल्या, हे त्यात स्पष्ट असावे, आणि वगळलेल्या चाचण्यांची माहिती सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात यावी. जे पाहता आले नाही त्याची नोंद अहवालात करण्याचे बंधन तपासनिसावर घालावे. लवादाचे कलम ठेवावयाचे असेल तर दोघांच्या संमतीने नेमलेला एकच लवाद, बैठकीचे ठिकाण इमारत असलेले गाव, आणि २९-ब कलमातील शीघ्र पद्धत, जिच्यात निवाडा ६ महिन्यांत द्यावा लागतो, एवढे तीन मुद्दे लिहावेत. तक्रार अमुक महिन्यांत न केल्यास हक्क संपेल असे वाक्य कोणी घातले तर ते खोडून टाकावे; करार अधिनियमाच्या २८ व्या कलमान्वये ते तसेही टिकत नाही. मुदत अधिनियमाची तीन वर्षे लवादालाही लागू आहेत, आणि लवादाची कार्यवाही सुरू झाली असे मानले जाते ते दुसऱ्या पक्षाला आपली नोटीस मिळाल्या दिवशी. तेव्हा नोटीस पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि ती पोहोच संस्थेच्या फाईलमध्ये लावा. सचिवांच्या घरच्या कपाटात नको, कारण सचिव दर वर्षी बदलतात.